उजवीकडे तीन, वर पाच

बाबाचा रेडिओ मी पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा त्याला जाऊन सतरा दिवस झाले होते. हा गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे, विमान उडवायचा. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, तिच्यावर दोन दांड्या आणि एक अँटेना. कपाटात त्याच्याशेजारी थर्माकोलचं विमान होतं, किंवा विमानाचं जे काही उरलं होतं ते. नाक चेपलेलं, एक पंख सेलोटेपने सांधलेला, दुसरा नाहीच. शेपटी मात्र शाबूत होती.

दुपारची वेळ होती. आई पलंगावर इस्त्रीचे कपडे लावत होती. मी रेडिओ सुरू केला, विमानाच्या पोटातली बॅटरी जोडली आणि शेपटी हलली. एकदाच, झटका बसावा तशी. आडवं पातं थोडं वर गेलं, उभं पातं थोडं उजवीकडे वळलं, आणि दोन्ही तिथेच थांबली. मी दांड्यांना हात लावला नव्हता.

आईच्या हातातली ओढणी तशीच राहिली.

"तू हलवलंस?"

"नाही."

"मग बंद कर ते."

मी बॅटरी काढली. पाती जागची हलली नाहीत. कोणीतरी बोटाने धरून ठेवल्यासारखी तशीच, वर आणि उजवीकडे. आईने कपड्यांचा गठ्ठा उचलला आणि ती दुसऱ्या खोलीत गेली. त्या दिवसानंतर त्या कपाटाचं दार तिने उघडलं नाही. तिच्या शाली त्याच कपाटात होत्या. थंडी पडल्यावर तिने नवी शाल घेतली.

यात भुताचं काही नव्हतं, हे मला दोन दिवसांत कळलं. उजव्या दांडीला लागून दोन बारीक सरकपट्ट्या असतात, त्यांना ट्रिम म्हणतात. दांडीवरून हात काढला की विमान एका बाजूला ओढत असेल, तर ट्रिम सरकवायची. मग बोट न लावताही दांडी जरा दाबून धरल्यासारखं होतं. पट्टी खाचाखाचांनी सरकते. मी खाचा मोजल्या. मधल्या रेघेपासून उजवीकडे तीन, वर पाच. त्या बाबाच्या अंगठ्याने सरकवल्या होत्या, आणि त्यानंतर कोणीच नाही. मी दोन्ही पट्ट्यांवर सेलोटेप लावला.

मी पत्रकांवर वाढले. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. डमडमच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर पत्रकांचे गठ्ठे असायचे, आणि ताटं मांडण्याआधी तिघांनी मिळून घड्या घालून ते संपवायचे असायचे. बाबा बँकेत होता. बदली होऊन कोलकात्याला आला आणि पुढच्या बढत्या नाकारत राहिला, कारण बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे इथली युनियन सोडणं. पत्रकाचा मसुदा तो मराठीत लिहायचा. राग मराठीतच येतो, म्हणायचा. मग एस्प्लनेडच्या ऑफिसातले त्याचे मित्र त्याचं बंगाली करायचे. माझ्या वयाची इथली बहुतेक मराठी मुलं घरातसुद्धा हिंदीत भांडतात. मी मराठीत भांडते, ते त्या मसुद्यांमुळे.

आणि भांडले ती त्याच्याशीच. त्याच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी काही शाखा बंद करायचं ठरलं. युनियनने करार केला. कायम कर्मचाऱ्यांना संरक्षण मिळालं. कंत्राटी पहारेकरी, झाडणाऱ्या बाया, वीस-वीस वर्षं चहा देणारी माणसं, यांच्याबद्दल करारात एक ओळ नव्हती. खाली सह्या होत्या, त्यात बाबाची होती. जितकं वाचवता आलं तितकं वाचवलं, असं त्याचं म्हणणं. ज्यांची पत्रकं वाटत मी मोठी झाले तीच माणसं तुम्ही गाळलीत, असं माझं. मी पत्रक लिहिलं, छापून घेतलं, आणि त्याच्या निरोप समारंभाच्या दिवशी ऑफिसच्या दारात वाटलं. तोही इतरांबरोबर बाहेर आला, हात पुढे केला आणि एक घेऊन गेला.

संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "भाषा चांगली आहे. पण मागणी अगदी शेवटी आलीय. मागणी वर हवी. लोक शेवटपर्यंत वाचत नाहीत गं."

"तुम्ही वाचलंत ना?" मी म्हणाले.

जन्मापासून मी त्याला 'अरे बाबा' म्हणत आले होते. त्या संध्याकाळपासून 'तुम्ही' सुरू झालं, आणि तेही कामापुरतं.

त्या पत्रकातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. पत्रक बरोबर होतं. मला जे छळतं ते त्यानंतरचं आहे.

निवृत्त झाल्यावर महिन्याभरात तो एस्प्लनेडच्या मागच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांतून मोटर, बॅटरी, पंखा असं एकेक घेऊन आला आणि थर्माकोलचं विमान बांधायला लागला. आमच्या छतावरून दिवसभर विमानं उतरतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात, चहा पिता पिता माणूस वाक्य अर्धवट सोडून थांबतो आणि विमान गेलं की पुढे बोलतो. मला वाटलं, म्हाताऱ्याला इतक्या वर्षांनी वर बघायला सवड मिळाली. विमानतळ जवळ, म्हणून डमडमला खेळण्यातलं विमानही उडवायचं नाही. आणि बाबा नियम पाळणारा आंदोलक होता. उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलने तासभर जाऊन, भात कापून झालेल्या एका शेतात तो उडवायचा. खरं तर पाडायचा. दर रविवारी नवे तुकडे घेऊन परत यायचा.

त्याने मला तीन वेळा विचारलं. पहिल्यांदा दारात उभं राहून, "येतेस का? एकाने फेकायचं, एकाने उडवायचं, असं असतं ते." मी म्हणाले, माझी बैठक आहे. दुसऱ्यांदा मी पुस्तकातून मान वर केली नाही. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "सही करताना ज्यांचे हात बरोबर होते, त्यांना बोलवा फेकायला."

तो हसला. "त्यांचे खांदे गेलेत," म्हणाला, विमान वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि निघाला.

नंतर पाच आठवड्यांनी बाजारात, भाजीवाल्यासमोर उभा असताना तो खाली बसला आणि उठला नाही.

म्हणून त्या आठ खाचा. माझ्याजवळ त्याचे मसुदे होते, चष्मे होते, पण ते सगळे आमच्या भांडणाच्या आधीचे. भांडणानंतर त्याने स्वतःच्या हाताने केलेली आणि अजून तशीच असलेली गोष्ट एवढीच. मी ठरवलं, नवं विमान बांधायचं, बाबाच्या रेडिओवर, बाबाच्या ट्रिमवर, एक खाच न हलवता ते उडवायचं. ते उडालं, तर तो त्या शेतात रविवारमागून रविवार नुसता हरत नव्हता, असं मला म्हणता आलं असतं. हे कोणाला सांगणार होते ते माहीत नव्हतं. आईला, बहुतेक.

थर्माकोल नको, हे पक्कं होतं. शिकणाऱ्याचं विमान पडणारच, तर पडून टिकेल असं हवं. माळ्यावर युनियनच्या अधिवेशनाचे फलक पडले होते, त्या पन्हळी प्लास्टिकचे, ज्याच्यावर निवडणुकीच्या आणि क्लासच्या जाहिराती छापतात. दोन पातळ थर आणि मधे सरळ नळ्या. हे प्लास्टिक मोडत नाही, नुसतं दुमडतं. नळ्या पंखाच्या लांबीने येतील असा तुकडा कापला, की पंख आडवा वाकत नाही. पुढच्या कडेला खालच्या थरात एकाच नळीवर चीर द्यायची आणि वरचा थर दुमडून मागे आणायचा. दुमडताना पट्टीची कड आणि अंगठ्याचं नख वापरायचं. हे मला शिकावं लागलं नाही. हजारो पत्रकांच्या घड्या माझ्या नखात होत्या.

या प्लास्टिकला गोंद धरत नाही. मी ते पॉलिश पेपरने घासलं, तरी दोनदा सुटलं; मग भोकं पाडून केबल टायने शिवलं. पंख मधोमध थोडा दुमडून टोकं वर केली, म्हणजे विमान कललं तरी आपोआप सावरतं. पंख शरीराला जोडायला रबरबँड, पंख्यालाही रबराची कडी: आपटलं की सुटून पडावं, तुटू नये. पोटाखाली घसरायला कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तुकडा. लांबून उलटं-सुलटं कळावं म्हणून वरून पिवळा रंग, खालून काळा. पिवळ्याखालून लाल अक्षरं तरीही दिसत राहिली. 'एकता' त्यातल्या त्यात स्पष्ट. मी आणखी एक हात दिला. वाळल्यावर ती परत वर आली.

शेवटी शेपटी जोडली. रेडिओ लावला. पाती वर आणि उजवीकडे गेली, त्या दुपारी गेली होती तशीच. वाकड्या शेपटीने विमान कसं उडणार? ट्रिमला तर हात लावायचा नव्हता. मग मी पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरींपासून पात्यांपर्यंत जाणाऱ्या तारांचे स्क्रू सैल केले, पाती सरळ धरली आणि स्क्रू परत आवळले. ट्रिम बाबाची आणि पाती सरळ. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

आई दारात येऊन उभी राहिली. विमानाकडे न बघता म्हणाली, "त्याने पण तिथे एकट्यानेच जायचं. तू कोणाला तरी घेऊन जा."

"नको. तो एकटा फेकायचा, मी पण एकटीच फेकणार."

"शिक्षा कोणाला देतेयस?"

मी विमान वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि लोकलने त्याच शेताकडे निघाले.

त्या शेताच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ राहतात. ट्रामच्या कारखान्यात फिटर होते. स्वतःही विमानं उडवतात. वडिलांच्या थोरल्या भावाला बंगालीत जेठू म्हणतात. मी त्यांना पहिल्याच दिवशी जेठू म्हणाले आणि त्यांनीही मला, मुलीला म्हणतात तसं, 'मा' म्हटलं. आमचं बोलणं बंगालीतच झालं. ते बांधावर स्टूल टाकून बसले होते आणि मुडी, म्हणजे आपले कुरमुरे, खात होते.

मी रेडिओ डाव्या हातात धरला. डाव्या अंगठ्याने मोटर पूर्ण वेगात नेली, उजव्या हाताने विमान फेकलं आणि तो हात उजव्या दांडीकडे आणला. तोवर विमान डावीकडे कलून जमिनीत घुसलं होतं.

उचललं. पंख सुटला होता, रबरबँड लावले, फेकलं. पुन्हा डावीकडे, पुन्हा नाकावर. तिसऱ्यांदा तेच. थर्माकोलचं असतं तर एकदाच मोडलं असतं आणि मी घरी गेले असते. हे मोडत नव्हतं. माती झटकायची आणि पुन्हा फेकायचं. दहा वेळा तरी फेकलं असेन. लांबून पाहणाऱ्याला बाबा असाच दिसत असणार, वाकणारा, उचलणारा, पुन्हा मागे चालत जाणारा. माझी चाल त्याच्यासारखी आहे, हे मला लहानपणापासून सांगतात. त्या शेतात मला ते पाठीत जाणवायला लागलं आणि मी मधेच थांबले.

"मा," जेठूंनी हाक मारली, "विमान चांगलं मजबूत केलंयस. आता शेत फुटायच्या आत इकडे ये."

त्यांनी रेडिओ हातात घेतला, सेलोटेपकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"हा रेडिओ मी पाहिलाय. मराठीबाबूंचा. तू त्यांची मुलगी?"

मी मान हलवली. बाबा कसा गेला ते सांगितलं. जेठूंनी मुडीचा कागदी ठोंगा बाजूला ठेवला. मग फिटर माणसाप्रमाणे कामाकडे वळले. ट्रिम बघितली, शेपटी बघितली, तारेचे स्क्रू बघितले.

"हे कोणी केलं?"

"मी. त्यांची ट्रिम हलवायची नव्हती म्हणून."

"फेकल्यापासून उजवा हात दांडीवर यायला किती वेळ लागतो?"

"दोन सेकंद."

"त्या दोन सेकंदांत विमान कोण उडवतं?"

मी शेपटीकडे बघितलं.

"कोणी नाही. म्हणून एकटा माणूस ट्रिम वर करून ठेवतो, आपलं आपण चढावं म्हणून. आणि उजव्या हाताने फेकलं की ते डावीकडे कलतं, म्हणून थोडी उजवीकडे. तुझ्या बाबांना हे शोधायला किती विमानं लागली, मी मोजत होतो इथे बसून. आणि तू काय केलंस? पट्टी जपलीस आणि तिचं काम काढून टाकलंस."

"फेकायला दुसरं कोणी असतं तर?"

"तर कशाला लागतंय? दोन्ही मधोमध."

माझ्या डोक्यात ते उतरायला थोडा वेळ लागला. दर रविवारी तो पाडत होता, उचलत होता आणि एकेक खाच वाढवत होता. मी दोन सेकंदांसाठी तिथे नव्हते, त्याचं माप चुकतमाकत शोधत होता. ते बरोबर सापडलं तेव्हा आठ खाचा झाल्या होत्या. मी सेलोटेप लावून जपलं होतं ते माझं न जाणं.

"मी म्हटलं होतं त्यांना," जेठू म्हणाले, "आणा इकडे, मी फेकतो. तर म्हणाले, नको, माझी मुलगी येणार आहे. आज नाही आली, पुढच्या रविवारी येईल." आणि मग माझं तोंड बघून, "मी उगाच बोललो बहुतेक."

"नाही," मी म्हणाले. "बरं झालं."

बरं काही झालं नव्हतं. पण त्यांना तरी कशाला?

मी स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि तारांचे स्क्रू सैल केले. ट्रिमला हात न लावता पाती आधी होती तिथे परत नेली आणि स्क्रू आवळले. वर, उजवीकडे. जेठू म्हणाले, "आता वर गेल्यावर ते सारखं वर आणि उजवीकडेच ओढणार. सरळ न्यायचं तर ट्रिम मधे आणावी लागेल. सेलोटेप काढ. हवेत नखाने काढत बसशील का?" मी सेलोटेप काढला. त्याचा चिकटा पट्ट्यांवर राहिला.

"मी फेकू?"

"एकदा मला फेकू दे, जेठू."

मी फेकलं. विमान कललं, डावीकडे, तसंच, आणि मग ते सावरलं. माझा हात अजून हवेत होता. दांडीवर कोणी नव्हतं, आणि विमान नाक उचलून, किंचित उजवीकडे झुकत, घाई न करता चढत होतं. दोन सेकंद. मी चार महिने घरात, जिन्यात, बाजारातल्या त्या भाजीवाल्यासमोर त्याला शोधत फिरले होते आणि कुठेच तो मला जाणवला नव्हता. इथे होता. तो विमान उडवत होता आणि मी बघत उभी होते.

"हात!" जेठू ओरडले. "दांडीवर हात!"

हात आणला. विमान बरंच वर गेलं होतं, नाक वर आणखी वर, वेग कमी होत चाललेला. मी दांडी पुढे दाबली तेव्हा ते सपाट झालं. अंगठा जरा सैल केला की पुन्हा वर, पुन्हा उजवीकडे. एक फेरी मी तशीच मारली, सतत दाबत, सतत डावीकडे रेटत. अंगठ्याखाली दांडीची स्प्रिंग मला उलटी ढकलत होती. ती स्प्रिंग होती, हे मला माहीत आहे. पण भांडण कसं असतं तेही मला माहीत आहे, आणि ते अगदी तसं होतं, दोघांपैकी कोणीच जागचं हलत नव्हतं. दुसऱ्या फेरीला अंगठा दुखायला लागला. विमान सारखं उजवीकडे, रेल्वेच्या तारांकडे सरकत होतं.

"ट्रिम, मा! किती वेळ झगडशील?"

मी डोळे विमानावरच ठेवले आणि बोटाने पट्टी चाचपली. चिकट लागली. खाली. एक टिक. दोन. विमानाचं नाक जरासं उतरलं. मग तीन, चार, पाच. मग दुसरी पट्टी, डावीकडे. टिक, टिक. शेवटची खाच मी तिथेच ठेवली असती, पण विमान अजून तारांकडे जात होतं. टिक.

अंगठा उचलला. विमान सरळ चाललं होतं. पंख सपाट, पिवळ्याची बारीक रेघ, आवाज एकसारखा. कुठेच ओढत नव्हतं. मी पुन्हा अंगठा ठेवून पाहिलं. दांडी मधोमध होती, हलकी, आणि तिच्यापलीकडे कोणी नव्हतं. विमान लहान होत गेलं, भाताच्या खुंटांवरून, बांधावरून, पलीकडच्या शेतावर, आणि मी ते जाऊ दिलं. जेठू स्टुलावरून उठून हातवारे करत होते, वळव, वळव आता, दिसेनासं होईल.

मी वळवलं.